हात खाली ठेवा, आण्णा

त्या धबधब्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर येत्या रविवारी तुम्ही पोरंबाळं घेऊन तिथं हजर व्हाल आणि नेमक्या त्याच दगडावर उभं राहून फोटो काढाल. बावीस वर्षं शाळेत गणित शिकवतेय मी, माणसाची जात मला ठाऊक आहे. 'इथं पाय ठेवू नका' म्हटलं की पहिला पाय तिथंच पडतो. तेव्हा एवढंच सांगते, की तुळजापूर ओलांडून पुढं गेलं की बालाघाटचे डोंगर लागतात, त्यातल्या एका घळीत हा धबधबा आहे, आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या घरापासून गाडीनं दोन तासांत तिथं पोचता येतं.

जाण्याचं कारण माझी मुलगी. अकरावीत आहे. तिच्या वर्गातली टोळी गौरी-गणपती झाल्यावर दुचाकीवरून तिकडं निघाली होती आणि मी नाही म्हणाले. माझं नाही म्हणजे नाही. मग तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. पंधरा दिवस घरात फक्त ताट आपटल्याचा आवाज. तिचा बाप दोघींच्या मधून मांजराच्या पावलानं ये-जा करायचा. शेवटी मीच म्हणाले, चल, मी नेते तुला, आण्णांनाही घेऊ बरोबर. नवऱ्याला त्या रविवारी ड्युटी होती. म्हणजे गाडी मी चालवायची, शेजारी तोंड फुगवून मुलगी, मागच्या सीटवर आण्णा.

आण्णा म्हणजे माझे वडील, मुलीचे आबा. आई गेल्यापासून आमच्याकडंच असतात. माढ्याकडच्या खेड्यातून मिसरूड फुटायच्या आत सोलापुरात आले आणि चाळीस वर्षं मागावर चादरी विणल्या. पत्र्याच्या एका शेडमध्ये चोवीस माग एकदम धडधडत असायचे. त्याला आम्ही कारखाना म्हणायचो. तिथं शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. शिवाय निम्मे कामगार घरी तेलुगू बोलणारे, काही उर्दू, बाकीचे आमच्यासारखे. म्हणून तिथली खरी भाषा हातांची. सूत तुटलं, कांडी संपली, दुरुस्तीवाल्याला बोलव, मालक आला, गप काम कर, सगळं हातांनी. आण्णांचे कान त्या शेडमध्येच गेले.

लहानपणी मी रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन जायची, त्यामुळं मलाही दहा-बारा खुणा यायच्या. त्यातली एक तर डबा आणणाऱ्या पोरांनाही यावीच लागायची. दोन्ही मुठी डोक्याच्या वर न्यायच्या आणि एकमेकींवर आपटायच्या. म्हणजे मेन बंद कर, सगळे माग थांबव. एकदा कांड्या भरणाऱ्या एका बाईचा पदर मागाच्या फिरत्या पट्ट्यात ओढला गेला. तिच्यापासून चार माग पलीकडच्या माणसानं मुठी आपटल्या, आणि बटणाजवळच्या माणसानं ती बाई दिसत नसतानाही बटण पाडलं. पदर फाटला, बाई राहिली. त्या दिवशी घरी येताना आण्णा मला म्हणाले, "ही खूण दिसली की आदी बंद, मग इचार. का म्हून इचारत बसायचं न्हाय."

आता आण्णा पंचाहत्तरीला आलेत. कानाचं यंत्र मी हौसेनं आणलं, ते कपाटात पडून असतं. कानात भुंगा बसल्यावानी हुतंय म्हणतात. आणि हात काही थांबत नाहीत. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात, नव्या पेठेत साड्यांच्या दुकानात, वीस फुटांवरून हातवारे सुरू. माझ्या सहकारी बाईंनी एकदा हळूच विचारलं होतं, तुमच्या वडलांना काही त्रास आहे का हो. मला तेव्हा लाज वाटली. वाटली, खोटं कशाला बोलू.

त्या रविवारी तुळजापूरच्या अलीकडं एका हॉटेलवर चहाला थांबलो. आण्णा उतरून आधी पुढं गेले आणि गल्ल्यापाशी उभं राहून अंगणाच्या त्या टोकावरून त्यांनी मला विचारलं. अंगठा ओठाला लावला, तीन बोटं दाखवली, मग एक बोट वर करून दुसऱ्या हातानं चिमूट झटकली. तीन चहा, त्यातला एक बिनसाखरेचा. बिनसाखरेचा माझा. शेजारच्या टेबलावर मोटारसायकलवाली चार पोरं बसली होती. त्यातल्या एकानं तस्साच अंगठा ओठाला लावला, डोळे फिरवले आणि म्हणाला, "म्हाताऱ्याला सकाळसकाळीच लागतीय की." सगळे हसले. आण्णांनी तोवर माझ्या मुलीकडं बघून आणखी कसलीशी खूण केली होती, तीही हसली.

माझं टाळकं सरकलं. आण्णा टेबलाशी आले तशी मी त्यांच्या कानाशी वाकून, आठवीच्या वर्गाला दरडावते त्या आवाजात म्हणाले, "हात खाली ठेवा, आण्णा. लोक बघतात."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि दोन्ही हात नेहरू शर्टाच्या खिशांत घातले. चहा प्यायला एक बाहेर काढला, पेला ठेवला, पुन्हा आत. मुलगी पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "मम्मी, तू ना," एवढंच, आणि गाडीत जाऊन बसली.

गाडी जिथं सोडावी लागते तिथून पाऊण तासाची पायवाट आहे. दोन्ही बाजूंना सीताफळाची झाडं, खाली टाकळा माजलेला, वाटेत गोटे. आण्णा खिशात हात घालूनच चालत होते. दोनदा अडखळले. "आण्णा, हात काढा, पडाल," मी म्हणाले. ऐकू आलं नाही, किंवा आलं. त्यांचा हट्ट माझ्यापेक्षा जुना आहे. मुलगी पुढं, ते मधे, मी मागं. सहलीला निघालोय असं कुणी म्हटलं नसतं.

घळीच्या काठावर लोखंडी कठडा आहे. तिथं पोचलो आणि आवाजानं छातीच दणाणली. ओढा काळ्या कातळावरून दोन टप्प्यांत खाली पडतो, पावसाळा सरता सरता तो ऐन भरात असतो. मी मुलीला काहीतरी म्हणाले, तिला ऐकू गेलं नाही. आण्णा मात्र खुलले. "ह्यो ऐकाय येतोय मला," ते माझ्या कानाशी ओरडले. "कारखान्यावानी हाय." हात खिशातच होते.

समोर, घळीच्या पलीकडच्या काठावर एक सपाट दगड पुढं आलेला दिसत होता. सगळे फोटो तिथूनच काढतात. मुलीनं मोबाइलवर मला तसले चार फोटो दाखवले. तिकडं जायचं तर वरच्या अंगाला छोट्या बंधाऱ्याच्या भिंतीवरून ओढा ओलांडायचा, घोट्याइतकं पाणी, वीस मिनिटांची वाट. आण्णांच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. कठड्याखाली चार-पाच पायऱ्या उतरून उंबराचं एक झाड होतं, त्याच्या सावलीत ते जाऊन बसले. मी खुणेनं नव्हे, तोंडानंच बजावलं, हलू नका इथून. आम्ही दोघी निघालो.

पलीकडच्या काठावर एक पाटी होती. तिच्यावर कुणीतरी आपलं आणि आपल्या तिचं नाव खिळ्यानं खरडलेलं, मूळचं काय लिहिलं होतं ते वाचता येत नव्हतं. दगड चांगला ऐसपैस होता. चार बाजा मावल्या असत्या. मागच्या बाजूला गवत, पुढं काळा गुळगुळीत कातळ, आणि मग काहीच नाही. मुलगी सरळ टोकापर्यंत गेली. मी "बास, तिथंच," ओरडले, ते धबधब्यात गेलं. ती दरीकडं पाठ करून माझ्याकडं वळली. आमच्यात दहा पावलांचं अंतर असेल. तळपायांना बारीक थरथर जाणवत होती. कारखान्याच्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं की लहानपणी अशीच जाणवायची. मला ती आवडली, हेही सांगून टाकते.

पहिला फोटो काढला. तिला तो आवडला नाही, केस नीट करू लागली. मी मोबाइल समोर धरून उभी, आणि तिच्या खांद्यावरून पलीकडं उंबराखाली पांढरा नेहरू शर्ट दिसला. हात वर.

झालं, म्हटलं. सकाळपासून सांगतेय ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. भूक लागली असेल नाहीतर कंटाळा आला असेल, बसलेत तिथून उंटावरून शेळ्या हाकत. मी हात हलवला, आलो, आलो. ते थांबले नाहीत. दोन्ही मुठी डोक्यावर गेल्या आणि एकमेकींवर आपटल्या. पुन्हा. पुन्हा.

मी ती खूण ओळखली. पहिल्या झटक्यात ओळखली. नंतर नवऱ्याला सांगताना मी म्हणाले, की मला आधी नीट दिसलं नाही. ते खोटं आहे. दिसलं, कळलं, आणि तरीही माझ्या मनात आलं ते हे, की इथं डोंगरात कसला आलाय मेन? म्हातारं माणूस, ऊन लागलं असेल. आणि मी मुलीला हातानं दाखवलं, जरा डावीकडं सरक. ती सरकली. मी फोटो काढला. तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. मुलगी हसतेय, आणि तिच्या खांद्यामागं नखाएवढा पांढरा ठिपका, मुठी वर केलेला.

मी तिच्या मागं बघतेय हे तिच्या लक्षात आलं. तिनं मान वळवली. आण्णा मुठी आपटतच होते. मुलगी जागच्या जागी थिजली, आणि मग तिनं उजवा तळहात उचलून डोक्यावर ठेवला. म्हणजे कळलं, थांबवलं. ही खूण मी तीस वर्षांत पाहिली नव्हती. तिनं माझ्याकडं विचारायलासुद्धा बघितलं नाही. हळूच गुडघे वाकवले, खाली बसली, मग पोटावर आडवी झाली.

काय झालं होतं ते मला माहीत नव्हतं, पण माझी पोर दरीच्या टोकाला पालथी पडली होती. मी तिच्याकडं धावले. एकच पाऊल पडलं असेल, तिनं मान वर करून हात झटकला. मागं. तिचं तोंड हलत होतं, आवाज नव्हता. आणि तिच्या मागं, दरीच्या पलीकडं, आण्णा दोन्ही तळहात माझ्या दिशेनं ढकलत होते. मागं. मागं. एकीकडून बाप, एकीकडून लेक, दोघं मला एकच सांगत होते.

मी जन्मात इतकी अवघड गोष्ट केलेली नाही. तिला जन्म देतानाही नाही. पोर समोर पडलीय, धावले तर चार ढांगांत तिच्यापर्यंत पोचेन, आणि मी तिच्यापासून लांब जायचं. का, ते विचारायचं नाही. आदी बंद, मग इचार. मी मागं सरकले. एक पाऊल, दुसरं. पाठीमागं काय आहे ते न बघता, डोळे तिच्यावर ठेवून. खालची ती थरथर आता मला आवडत नव्हती. टाचेला गवत लागलं. आण्णांचे हात अजून ढकलतच होते. आणखी मागं गेले. पाटीला पाठ लागली तेव्हा ते थांबले.

मग त्यांनी एक तळहात आडवा धरून हळूहळू खाली नेला. ही खूण मला येत नव्हती. मुलीला येत होती. ती कोपरांवर सरपटू लागली. थोडं सरपटायची, थांबायची, मान वळवून आजोबांकडं बघायची, पुन्हा निघायची. मी देवाचं नाव घेतलं नाही. मला कुठलंच नाव आठवत नव्हतं. मी फक्त पावलं मोजत होते, आठ राहिली, सात राहिली, गणिताची बाई दुसरं काय करणार. तिचा एक सँडल तिथंच निघाला. त्यासाठी ती वळेल की काय म्हणून माझा जीव कासावीस झाला, पण ती वळली नाही. गवताशी आली तसं मी तिचं मनगट धरलं आणि ओढलं. माझी नखं तिच्या हातात रुतली. ते वळ दोन दिवस होते.

आम्ही पळत बंधाऱ्यापर्यंत आलो. तिथं आवाज जरा कमी होतो. मी तिला छातीशी धरून विचारलं, "काय होतं गं तिथं?"

"मला काय माहीत?"

"मग आडवी का झालीस?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच बारकं पोर आहे. "आबांनी मेन बंद सांगितलं ना."

ओढा ओलांडताना तिनं सगळं सांगितलं. सातवीत होती तेव्हापासून ती आबांकडून खुणा शिकतेय. मी घरात असले की दोघं जेवणाच्या टेबलावर माझ्या नाकासमोर बोलतात आणि मला पत्ता नसतो. माझ्यासाठी एक खूण ठरलेली आहे, तळहातावर फुंकर मारायची. म्हणजे पट्टा तापलाय, जवळ जाऊ नको. सकाळी हॉटेलवर ती हसली ती त्या पोरांच्या टवाळीला नाही, आबांनी मला 'पट्टा तापलाय' म्हटलं म्हणून हसली. एरवी मी दोघांना सोलून काढलं असतं. त्या वेळी मी नुसती तिचा हात धरून पाण्यातून चालत होते.

आण्णा उंबराखाली भुईवरच बसले होते. मुलगी जाऊन त्यांच्या गळ्यात पडली. मी समोर बघितलं. त्या पाच पायऱ्या खाली उतरल्यावर जे दिसतं ते वर कठड्यापाशी दिसत नाही. पलीकडचा तो दगड खालून पोकळ होता. नुसता पोकळ नाही, त्याच्याखाली काही नव्हतंच. मागं गवतापाशी जेमतेम वीतभर जाडीनं तो काठाला चिकटून होता, आणि तिथंही एक भेग वरपर्यंत गेली होती. भेगेखाली ताजा तांबडा डाग होता, तिथला तुकडा नुकताच निसटलेला. वर मुलीचा निळा सँडल दिसत होता.

"तू पाय टाकलास की खालनं खडी गळायची," आण्णा म्हणाले. "ती म्होरं गेली तवा थोडी गळली. तू तिच्या मागनं गेलीस, तवा ह्यो एवढा धोंडा गेला."

म्हणजे मीच. माझ्या वजनानं. दगड पडला का, असं सगळे विचारतात. नाही, आम्ही होतो तोवर नाही पडला. कदाचित अजूनही तसाच असेल, म्हणून तर नाव सांगत नाही.

आणि मग, भीती ओसरली की माझं जे होतं तेच झालं. राग आला. मी आण्णांवरच तडकले. "मग इतका वेळ काय करत होतात? आम्ही तिथं पोचून पाच मिनिटं झाली होती. मी पहिला फोटो काढला तेव्हाच का नाही केल्या खुणा?" ओरडूनच म्हणाले, ऐकू जावं म्हणून, आणि राग होता म्हणूनही.

आण्णांनी तोंड उघडलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मघापासून त्यांचा आवाज नीट निघतच नव्हता. घसा पार बसला होता. मला वाटलं होतं धबधब्यामुळं तसा ऐकू येतोय.

"आदी हाका मारल्या की," ते म्हणाले. "लई मारल्या. तू म्हणली व्हतीस न्हवं, हात खाली ठेवा."

मुलीनं तोंड फिरवलं. चाळीस वर्षं ज्यांनी आवाजाच्या पोटात काढली, तिथं हाक पोचत नाही हे ज्यांच्याइतकं कुणाला माहीत नसेल, त्या माणसानं नातीचा जीव टांगणीला लागलेला असताना आधी घसा फोडून घेतला, कारण लेकीला लाज वाटते.

परत येताना त्याच हॉटेलवर थांबलो. दुपार कलली होती, गर्दी सकाळहून जास्त. आण्णा आणि मुलगी टेबलाशी बसले. आण्णांचे हात पुन्हा खिशांत गेले होते, सवयीनं गेले की माझ्यामुळं, कोण जाणे. मी गल्ल्यापाशी गेले आणि तिथून, सगळ्या अंगणावरून, त्यांच्याकडं बघून हात वर केला. अंगठा ओठाला लावला. तीन बोटं दाखवली. एक बोट वर केलं आणि चिमूट उधळली. दोन-तीन टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. मी पुन्हा केली.

आण्णांनी मान हलवली. चुकलं. मग खिशातून दोन्ही हात काढले आणि चिमूट कशी झटकायची ते मला नीट करून दाखवलं.